भाताचें पंचांग

पीक केव्हां हातीं यावें हें आकाश ठरवितें कीं शेतकरी? वरवर पाहतां प्रश्न सोपा वाटतो. ऊन आणि पाऊस आकाशाच्या स्वाधीन, तेव्हां पिकाचा दिवसहि त्याच्याच स्वाधीन असणार, असें कोणीहि म्हणेल. परंतु चीन देशांतील भातशेतीचा गेल्या हजार वर्षांचा इतिहास पाहिला असतां उत्तर इतकें सरळ नाहीं असें दिसून येतें.

भाताचें रोप दोन गोष्टींच्या अनुरोधानें वाढतें. एक हवेंतील ऊब व दुसरी दिवसाची लांबी. ऊब अधिक मिळाली कीं तें भराभर वाढतें आणि गारठा पडला कीं थबकतें. शिवाय उशिरा पिकणाऱ्या पुष्कळ जाती दिवस लहान होऊं लागल्याखेरीज निसवत नाहींत. लवकर पिकणाऱ्या जातींना ही वाट फारशी पाहावी लागत नाहीं. कोंकणचा शेतकरी पहिल्या प्रकाराला गरवें व दुसऱ्याला हळवें भात म्हणतो. चीनच्या इतिहासाला वळण लावलें तें अशाच एका हळव्या भातानें.

इ. स. १०१२ सालीं यांगत्से व ह्वाइ या नद्यांच्या प्रदेशांत अवर्षण पडलें. तेव्हां सुंग घराण्यांतील बादशहा चेन्त्सुंग यानें फूकिएन प्रांतांतून चंपा भाताचें ३०,००० मापें बियाणें आणवून तें अवर्षणग्रस्त भागांत वांटलें, आणि तें पेरावें कसें याच्या सूचनाहि प्रसिद्ध करविल्या. चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या मध्यभागीं असलेलें जुनें राज्य. तेथून हें भात पूर्वींच फूकिएनमध्यें आलें होतें. त्याला पाणी कमी लागे, उंचावरच्या हलक्या जमिनींतहि तें येई, आणि लावणीपासून सुमारें १०० दिवसांत कापणीस तयार होई. जुन्या जातींना याहून पुष्कळच अधिक दिवस लागत. इतिहासकार हो पिंग-ती यांनीं १९५६ सालीं या विषयावर प्रबंध लिहून हळव्या भाताचें महत्त्व दाखवून दिलें. त्याचा प्रसार त्यांनीं मानला तितक्या वेगानें झाला नसावा, असें पुढील कांहीं अभ्यासकांचें मत आहे. परंतु पुढील शतकांत शेतकऱ्यांनीं निवड करीत करीत ६० दिवसांत येणाऱ्या जातीहि तयार केल्या, यांत शंका नाहीं. ज्या घरांतील कणगी कापणीपूर्वींच रिकामी होई, तेथें महिनाभर आधीं आलेलें पीक म्हणजे प्रत्यक्ष जीवदानच होय.

वेळेचा दुसरा हिशेब शेताच्या वांटणीचा होता. बाराव्या शतकांत सुंग दरबार दक्षिणेस हलला व उत्तरेकडील लोकांबरोबर गव्हाची मागणीहि दक्षिणेस आली. भात वेळेवर निघालें तरच त्या खाचरांत गहूं पेरतां येई. म्हणून भाताच्या तिथी आतां गव्हावरहि अवलंबून राहिल्या. मात्र आकाश आपला हक्क सोडीत नव्हतें. ११११ सालीं कडाक्याच्या थंडीनें ताइ सरोवर गोठल्याची नोंद आहे. चेन फू यानें ११४९ सालच्या आपल्या शेतीवरील ग्रंथांत उतावळ्या शेतकऱ्यांना इशारा दिला आहे. थोडी ऊब भासतांच लोक बीं टाकतात, मग अवचित थंडी येते आणि मोड कुजून जातात, असें त्याचें निरीक्षण आहे.

अठराव्या शतकांत खुद्द बादशहानेंच या पंचांगांत लक्ष घातलें. कांग-शी बादशहाला राजोद्यानांतील भातांत, इतर पीक हिरवें असतांना, सहाव्या महिन्यांतच पिकलेली एक उंच लोंबी आढळली. तिचें बीं राखून पुढील वर्षीं पेरलें असतां तेंहि तसेंच लवकर आलें. १७१५ सालीं त्यानें तें बियाणें सुचौ येथील रेशीम कारखान्याचा अधिकारी ली शू याजकडे, वर्षांतून दोन पिकें घेऊन पाहण्यासाठीं पाठविलें. पहिल्या वर्षीं दुसरें पीक बेताचेंच आलें, आणि लागवड उशिरा झाली असा शेरा बादशहानें मारला. बीं उत्तम, पाणी मुबलक, राजाज्ञा पाठीशीं. तरी थोड्या दिवसांच्या विलंबानें दुसऱ्या पिकाच्या वांट्याची ऊब निघून गेली होती.

विसाव्या शतकांत दुबार भाताचा विस्तार झपाट्यानें झाला व १९७० नंतरच्या दशकांत तो कळसास पोंचला. ऐन उन्हाळ्यांत पहिलें भात कापावयाचें आणि लागलीच दुसरें लावावयाचें, अशी विलक्षण धांदल त्या काळीं असे. पुढें माणसें शहरांकडे कामास गेलीं आणि अनेक ठिकाणीं शेतकरी पुन्हां एका पिकावर आले. भाताच्या तिथी पुन्हां बदलल्या. हा बदल मनुष्यबळाच्या टंचाईनें घडविला, हवामानानें नव्हे.

गेल्या कांहीं दशकांत हवा मात्र खरोखरच तापली आहे. उष्णतेनें रोपाची वाढ घाईनें उरकते. दाणा भरण्यास दिवस कमी मिळतात व उत्पन्न घटण्याचें भय उत्पन्न होतें. फुलोऱ्याच्या वेळीं पारा ३५ अंशांच्या वर गेला तर लोंबींत पळंज राहतो. असें असतां, चीनमधील शेतांवरील नोंदी तपासणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणीं पिकाचा एकंदर काळ अपेक्षेइतका आखूडलेला आढळला नाहीं. कोठें कोठें तो वाढलेलाहि दिसला. कारण शेतकऱ्यांनीं मधल्या काळांत अधिक दिवस घेणाऱ्या जाती पत्करल्या होत्या. केवळ कापणीची तारीख पाहणाऱ्यास हवामानांत कांहींच बदल झाला नाहीं असें वाटेल, आणि तो फसेल.

इ. स. १०१२ सालीं चीनचा शेतकरी घाई करणारें बीं शोधीत होता. आज त्याचा वंशज दमानें पिकणारें बीं शोधीत आहे. दोघांचीहि धडपड एकच, दाणा भरण्यापुरता अवधि मिळविण्याची. परंतु या उपायालाहि मर्यादा आहे. बीं बदलून दिवस वाढवितां येतात. फुलोऱ्यावर येणारी उन्हाची झळ बियाणें बदलल्यानेंच सर्वस्वीं टळते असें नाहीं.