आजारी मुलांवरचं संशोधन आणि एक नाटक

मायरा ब्लूबाँड-लँगनर ही अमेरिकेतली मानववंशशास्त्रज्ञ. रक्ताच्या कॅन्सरनं दवाखान्यात असलेल्या मुलांमध्ये बसून तिनं संशोधन केलं. मुलं तीन ते नऊ वर्षांची. आजार बरा होणार नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांना ते कळत होतं! औषधं बदलली, मोठी माणसं दाराबाहेर जाऊन बोलू लागली, ओळखीचं मूल पुन्हा दिसलंच नाही, यावरून. वर आईबापांना त्रास नको म्हणून मुलं काही माहीत नसल्याचं सोंग करायची.

१९७८ साली यावर तिचं पुस्तक आलं, त्यात एक अख्खा भाग चक्क नाटक आहे. मुलं, आईबाप, नर्स, डॉक्टर एकमेकांशी बोलतात; सिद्धांत नंतर येतो. (आमच्याकडे प्रबंधात ‘प्रवेश पहिला’ लिहिला तर गाइड घरी पाठवतील.) मला मात्र हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो, कारण पॅलिएटिव्ह केअर हा शब्दच लोकांना दचकवतो.

ते दचकणं उगाच नाही. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६चं. दोन्हीकडे मुख्यतः बरे न होणारे कॅन्सरचे रुग्ण. त्यामुळे ही सेवा म्हणजे शेवटचे दिवस, हे डोक्यात पक्कं बसलं. मुलांचं तसं नसतं. थॅलेसेमिया किंवा स्नायूंचा आजार असलेलं मूल वर्षानुवर्षं जगतं, शाळेत जातं, त्याला दुखतंही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ मध्ये मुलांसाठी वेगळी व्याख्या केली: ही सेवा निदान झाल्या दिवसापासून सुरू होते, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत.

२०१० नंतर महाराष्ट्रात मुलांसाठी असा प्रकल्प झाला. त्यात मुंबईचं सायन रुग्णालय होतं, तसंच आदिवासी जव्हारही. त्याबद्दलचं लेखन इंग्रजी नियतकालिकांत आलं, म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोचलं. जव्हारच्या आईपर्यंत तो कागद कसा जाणार?

आमच्या बुलढाण्यातून माणसं मोठ्या आजाराचं लेकरू घेऊन मलकापूर नाहीतर शेगावला रेल्वेत बसतात, मुंबई किंवा नागपूर गाठतात. परत येताना हातात इंग्रजी फाइल असते. गावात ती उलगडून सांगायची वेळ येते आशाताईंवर. मेहकर तालुक्यातल्या अशाच एका ताईंना मी १९९८ची व्याख्या मराठीत वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “म्हंजे औषध बंद करायचं का?”

व्याख्येत नेमकं उलटं लिहिलंय. मग मी ती बाजूला ठेवली आणि सांगितलं: समजा, एका पोराला रात्री दुखतंय, झोप नाही, आईपण जागीच. औषध चालूच आहे. पण दुखणं कोण थांबवणार?

“हां, हे मायले सांगता येईल,” ताई म्हणाल्या. आणि लगेच पुढचा प्रश्न: “पण पोरगं स्वतःच इचारलं तं?”

त्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो.