नव्या वर्षाचा संकल्प आणि मराठी ख्रिस्ती कादंबरीकार

नवें वर्ष लागलें कीं ज्यांस लेखणी धरण्याची संवय आहे ते मनाशीं कांहीं बेत करतात. यंदा अमुक कथा पुरी करावयाची, अमुक मासिकाकडे पाठवावयाची, अमुक कादंबरी कोणी छापील काय तें पाहावयाचें, अशी ही यादी असते. ख्रिस्ती धर्म मानणारा आणि त्या श्रद्धेंतून कथा लिहूं पाहणारा लेखक हाच संकल्प करतो, तेव्हां त्याच्यापुढें आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपल्या मंडळींकरितां लिहावें, कीं ज्यांस आपल्या मंडळीची कांहींच माहिती नाहीं अशा शेजाऱ्याकरितां लिहावें? प्रश्न आजचा दिसतो. परंतु मराठींत तो जवळजवळ पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचें उत्तर लेखकाच्या इच्छेपेक्षां त्याला छापखाना कोणाचा मिळाला यावरच पुष्कळदां ठरलें आहे. या दृष्टीनें तो इतिहास चाळून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

अगदीं आरंभ पाहूं गेल्यास गोमंतकांत जावें लागेल. तेथें १५५६ सालींच छापखाना आला, आणि १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथें छापलें गेलें. तें काव्य आहे, कादंबरी नव्हे; म्हणून आम्ही त्याच्यापाशीं फार वेळ थांबत नाहीं. एवढेंच ध्यानांत ठेवण्यासारखें कीं, तें ओवीबद्ध मराठी पुराण रोमन लिपींत छापलें गेलें, आणि पुढें १६८४ च्या फर्मानानें गोव्यांत लोकभाषेवरच गदा आली. लेखक होता, श्रोते होते; परंतु ग्रंथाचें पुढचें आयुष्य राजाज्ञेच्या हातीं गेलें.

मुंबई इलाख्यांतील गोष्ट निराळी. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं छापखाना घातला. पुढें या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरी टाइपाला वळण आणलें, आणि त्यांच्याच हाताखालीं शिकलेले जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर उभा केला. काशीच्या पंडितांनींही ज्याचे संस्कृत ग्रंथ डोळ्यांना लावावे त्या छापखान्याचें मूळ असें मिशनच्या खिळ्यांत सांपडतें. इतिहासाला अशा गमती आवडतात. १८४२ च्या जून महिन्यांत अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघूं लागलें. त्याआधींच, १८४१ सालीं, बनियनच्या यात्रेकरूच्या रूपकाचें हरि केशवजी यांनीं केलेलें ‘यात्रिकक्रमण’ हें भाषांतर प्रसिद्ध झालें होतें. हरि केशवजी स्वतः ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. धर्माची कथा मराठींत प्रथम आली ती अशी एका प्रभु गृहस्थाच्या लेखणींतून.

कथा छापण्याची सोय कोणती होती? धार्मिक पुस्तकें व पत्रकें काढणाऱ्या सोसायट्या. मुंबईची ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी ही त्यांतील प्रमुख. तिची व्यवस्था अशी: लंडनच्या मूळ संस्थेकडून कागद व पैसा यांची मदत येई, हस्तलिखित एका कमिटीपुढें जाई, कमिटींत निरनिराळ्या पंथांचे लोक असल्यामुळें पंथापंथांतील भांडणें मजकुरांतून गाळलीं जात, आणि पुस्तक तयार झालें कीं तें खर्चाहूनही कमी किंमतीस, कधीं फुकट, जत्रांतून व बाजारांतून विकणारे फिरत. १८५७ च्या बंडानंतर लागलीच, १८५८ सालीं, देशी भाषांतील ख्रिस्ती शिक्षणासाठीं आणखी एक सोसायटी निघाली व तिचे एजंट जॉन मर्डाक यांनीं १८७० सालीं सर्व हिंदुस्थानांतील देशी ख्रिस्ती वाङ्मयाची यादीच छापून काढली. त्या काळच्या इतर मराठी लेखकास हें भाग्य नव्हतें. त्याला दक्षिणा प्राइझ कमिटीकडे अर्ज करावा लागे, किंवा वर्गणीदार गोळा करावे लागत, किंवा शाळाखात्यानें पुस्तक घ्यावें म्हणून खेटे घालावे लागत. ख्रिस्ती लेखकास मात्र छापखाना, कागद आणि विक्रेता हे तिन्ही एका दारांत उभे असलेले सांपडत. दार उघडें होतें. त्यांतून आंत गेलेलें पुस्तक बाहेर कोठें पोंचे, हा प्रश्न निराळा.

अशा वेळीं बाबा पदमनजी यांनीं लेखणी हातीं घेतली. त्यांचा जन्म बेळगांवचा, १८३१ चा, जात कासार. मुंबईस मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें, परमहंस सभेशीं त्यांचा संबंध आला, आणि १८५४ च्या सप्टेंबरांत बेळगांवींच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वींच स्त्रीशिक्षणावर ते लिहूं लागले होते. म्हणजे स्त्रियांच्या स्थितीचा विषय त्यांस मिशननें हातीं दिला असें म्हणतां येत नाहीं, तो त्यांच्या मनांत आधींच होता. १८५६ च्या जुलैंत विधवाविवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षीं ‘यमुनापर्यटन’ बाहेर पडलें. त्याचें पुरें नांव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ असें आहे, आणि नांवाचा उत्तरार्ध वाचल्यावर हा ग्रंथ निबंध असावा असें वाटतें. पण तो निबंध नव्हे. यमुना ही शिकलेली, ख्रिस्ती धर्माकडे मनानें वळलेली तरुण स्त्री, तिचा नवरा विनायकराव, दोघांचा प्रवास, वाटेंत ठिकठिकाणीं भेटलेल्या विधवांच्या कहाण्या, मग विनायकरावाचा अकालीं मृत्यु, यमुनेवर आलेलें वैधव्य, केशवपनाचें संकट, आणि शेवटीं तिचा बाप्तिस्मा व एका ख्रिस्ती गृहस्थाशीं पुनर्विवाह, असें त्याचें कथानक आहे.

या पुस्तकाचे गुणदोष ठरविण्याची घाई पुष्कळांनीं केली आहे. धर्मोपदेशाचीं पानें कंटाळवाणीं आहेत, हें आम्हीही कबूल करतों. यमुना बोलूं लागली कीं पुष्कळदां तिच्या तोंडून पाद्री बोलतो. परंतु माजघरांतील बायकांचें बोलणें, सासवांचे टोमणे, न्हाव्याची वाट पाहत बसलेलें घर, या जागीं बाबांची लेखणी अशी कांहीं चालते कीं त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी कथेंत तसें आढळत नाहीं. चार वर्षांनीं, १८६१ सालीं, हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली व १८६८ सालीं रिसबुडांची ‘मंजुघोषा’. त्यांत अद्भुत योगायोग आहेत, वैभव आहे, दुष्टांचीं कारस्थानें आहेत. पण आपल्या आळींतलें घर नाहीं. असें असून कित्येक दिवस मराठी कादंबरीचा आरंभ ‘मुक्तामाले’पासून सांगण्याची चाल होती. ‘यमुनापर्यटना’चें मोल पुढें कुसुमावती देशपांडे यांच्यासारख्या टीकाकारांनीं नीट मांडलें, तेव्हां शतक उलटत आलें होतें.

असें कां झालें? धर्मद्वेष हें एक उत्तर आहे व तें खोटें नाहीं. निबंधमालेच्या काळापासून मिशनरी मराठी हा थट्टेचाच विषय झाला होता. परंतु तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. आमच्या मतें खरी गोष्ट पुस्तकाच्या शेवटांत आहे. यमुनेचा पुनर्विवाह होतो तो बाप्तिस्म्यानंतर. मुंबईंत जो पुनर्विवाह सर्वत्र गाजला तो १८६९ चा. म्हणजे बाबांनीं कागदावर तें लग्न बारा वर्षें आधीं लावून दिलें. पण ज्या वाचकाच्या घरांत यमुनेसारखी मुलगी बसली होती त्याला त्या शेवटानें सांगितलें कीं, तिच्या सुटकेची वाट तुझ्या घराबाहेरून जाते. तो वाचक पुस्तक मिटणार, यांत नवल तें काय?

येथें कोणी म्हणेल कीं, पाद्र्यांनीं तसा शेवट लिहवून घेतला. हें आम्हांस मान्य नाहीं. ज्या मनुष्यानें तेविसाव्या वर्षीं आपलें गोत सोडलें, त्याला तो शेवट दुसऱ्यानें शिकवावयास नको होता. तो त्याच्या स्वतःच्या आयुष्याचाच होता. तथापि एक गोष्ट खरी: दुसरा शेवट करून पाहा, असें त्याला सांगणारा कोणी नव्हता. ज्या मंडळींच्या पैशानें असलें वाङ्मय निघत होतें त्यांस हा शेवट प्रिय होता. आणि ज्यांस तो अप्रिय होता त्यांच्याकडून लेखकास ना पैसा मिळत होता ना पत्र. उघड्या दाराचा हाच तोटा असतो.

आतां यापुढें १८९० साल घ्या. हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें व त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः दिली. नायिकेचें नांव पुन्हा यमुना. तीच शिकूं पाहणारी मुलगी, तोच समंजस नवरा, तेंच वैधव्य, तीच हजामाची वस्तऱ्याची भीति. मात्र या यमूला सुटका नाहीं. नांवाचें साम्य योगायोगाचें कीं जाणूनबुजून, याच्या वादांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें प्रसिद्धीचें साधन. हरिभाऊ आपल्या पत्राचे आपणच संपादक होते. त्यांची यमू आठवड्याआठवड्यास पुण्यामुंबईच्या घराघरांत शिरत होती, आणि ज्यांनीं तिला विद्रूप केलें तेच लोक तिची हकीकत वाचून डोळे पुशीत होते. पहिली यमुना वांचली, पण तिला वाचणारे थोडे. दुसरी मेली आणि सर्वांनीं वाचली.

याच सुमारास नगरच्या एका ख्रिस्ती घराण्यांतील कन्येनें तिसरी वाट धरली. कृपाबाई सत्यनाथन्, माहेरच्या खिस्ती, यांचा जन्म १८६२ चा. वैद्यक शिकण्यास त्या मद्रासेस गेल्या, प्रकृतीनें दगा दिला, तेथेंच विवाह झाला, आणि ‘सगुणा’ ही त्यांची आत्मचरित्रासारखी कादंबरी मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकांत १८८७-८८ सालीं क्रमशः आली, तीही इंग्रजींत. पुढें ‘कमला’ लिहून १८९४ सालीं, तिशी ओलांडते न ओलांडते तोंच, त्या वारल्या. ‘सगुणे’त दख्खनचे डोंगर आहेत, सनातनी आजोळाची छाया आहे, बहीणभावांचें प्रेम आहे, आणि उपदेश ‘यमुनापर्यटना’च्या मानानें पुष्कळच कमी आहे. मासिकाचा वाचक मिश्र होता, त्याला धरून ठेवावयाचें होतें, हें त्याचें एक कारण असावें. मराठीचें नुकसान एवढेंच कीं, अशा हातास त्या वेळीं मराठींत जागा मिळाली नाहीं.

जागा नाहीं म्हणून हातपाय गाळणारांसाठीं शार्लट टकर यांचें उदाहरण सांगण्याजोगें आहे. ‘ए. एल. ओ. ई.’ या सहीनें इंग्लंडांत मुलांसाठीं ख्रिस्ती कथा लिहून नांव मिळविल्यावर या बाई १८७५ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, स्वखर्चानें पंजाबांत आल्या, देशी भाषा शिकूं लागल्या आणि बटाला येथें राहून येथील वाचकांसाठीं नव्यानें कथा रचूं लागल्या. त्या कथा आज कोण वाचतो हें आम्ही विचारीत नाहीं. पन्नाशीनंतर वाचकच बदलावयाचा, असा संकल्प करणारे लेखक कोणत्याही धर्मांत थोडेच असतात.

आजच्या मराठी ख्रिस्ती लेखकापुढची स्थिति बाबांच्या वेळेच्या अगदीं उलट आहे. कागद पुरविणारी सोसायटी आतां त्याच्या पाठीशीं नाहीं. उलट हस्तलिखित तपासणारी कमिटीही नाहीं. मोजक्या प्रती छापून घेण्याची सोय झाली आहे, आणि छापल्यावांचूनही पुस्तक पडद्यावर वाचतां येतें. १९०९ सालीं ‘मनोरंजन’नें दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून कथेला वर्षांतून एकदां मोठें पान मिळतें. त्यासाठीं मजकूर पावसाळ्यांतच द्यावा लागतो, हें विसरून कार्तिकांत संपादकांना पत्रें लिहिणारे लेखक आम्हीं पाहिले आहेत! नाताळचे विशेषांक आहेतच. पण ते आपल्या आपल्यांतच फिरतात. लक्ष्मीबाई टिळक यांनीं १९३३ सालीं नागपूर येथें मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. परंतु त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ घरोघर गेलीं तीं त्या संमेलनाच्या बळावर नव्हे. तीं वाचतांना हिंदु वाचकास कोठेंही परकें वाटत नाहीं, आणि बाईंनीं आपला धर्म लपविलेलाही नाहीं. १० जानेवारी २०२० रोजीं उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे हे पूर्वींचे संपादक. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या निवडीवर वाद झाला, तरी सभा भरलीच.

मग यंदाच्या संकल्पांत काय असावें? धर्माची बाजू मांडावी कीं मांडूं नये, हा सल्ला देणें आमचें काम नव्हे. परंतु एका कथेचीं दोन हस्तलिखितें न करतां एकच करावें, आणि तें आधीं परक्या संपादकाकडे धाडावें, एवढें आम्ही सुचवूं. परत आलें तर नाताळ अंक कोठें जात नाहीं. शिवाय बाबांची एक संवय उचलण्यासारखी आहे. ‘यमुनापर्यटना’नंतर त्यांनीं १८६० सालीं ‘शब्दरत्नावली’ केली, १८६३ सालीं मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप काढला; लहानमोठीं मिळून शंभरावर पुस्तकें लिहिणारा हा मनुष्य कादंबरीनंतर शब्द वेंचीत बसला. त्यांनीं वेंचलेले शब्द बहुतेक पांढरपेशांच्या मराठींतले. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती वस्त्यांत जी मराठी चुलीपाशीं बोलतात, वसईच्या वाड्यांत जी म्हाताऱ्या बायका प्रार्थनेनंतर ओट्यावर बसून बोलतात, ती त्यांच्या कोशांत फारशी नाहीं. तेथें अजून एखाद्या यमुनेचें पर्यटन झालेलें आमच्या वाचनांत नाहीं.