२१ जून २००६

बहिणीने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, दुकानदार म्हणतो, आतले ड्रायव्हर २००६चे आहेत. मी तर लॅपटॉप २०१८ला घेतला. जुना माल गळ्यात मारला का रे मला?"

विंडोज १० काढून नवं ११ टाकून घेतलं होतं तिने. घरी आणून पाहते तर टचपॅड बंद. पुन्हा दुकानात गेली, तेव्हा तिला ड्रायव्हर अपडेट करणारं एक सॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगितलं गेलं. त्या सॉफ्टवेअरच्या फुकट चाचणीत लाल अक्षरांत लांबलचक यादी आली होती: हा ड्रायव्हर कालबाह्य, तोही कालबाह्य.

मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. कीबोर्ड, डिस्क, मॉनिटर, बॅटरी. एकेकाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्रायव्हरचा टॅब पाहिला. पुरवठादार मायक्रोसॉफ्ट, तारीख २१ जून २००६. पुढच्याचीही तीच. तुमच्या विंडोजच्या लॅपटॉपमध्ये पाहिलंत तर तिथेही बहुधा हीच तारीख भेटेल, मग तो लॅपटॉप गेल्या महिन्यात घेतलेला का असेना. दुकानदाराला दिसलं ते खोटं नव्हतं. त्याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा होता, आणि तसा अर्थ लावून लोकांकडून पैसे काढले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्राचा भाग यांच्यातला दुभाषा. १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही सिस्टिम लिहिली, तेव्हा यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस हे नाव दिलं. यंत्र बदललं की तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा. १९८३च्या एमएस-डॉस २.०मध्ये कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फाइलीत 'डिव्हाइस' अशी ओळ लिहून वापरणाऱ्याला स्वतःच ड्रायव्हर जोडता येऊ लागला. कोणता जोडायचा, हे माणूस ठरवत होता. चुकला तर चूक त्याची.

१९९५मध्ये विंडोज ९५ने प्लग अँड प्ले आणलं आणि हा निर्णय माणसाच्या हातून गेला. आता सिस्टिम प्रत्येक भागाला विचारते, तू कोण? भाग आपला क्रमांक सांगतो. त्या क्रमांकाला चालणारे दोन-तीन ड्रायव्हर हाताशी असतील तर निवड सिस्टिमच करते, आणि निवडीला नियम लागतो. सही विश्वासाची आहे का, क्रमांक तंतोतंत जुळतो का, हे आधी. तिथे बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो. तारीखही एकच असेल तर आवृत्तीचा आकडा मोठा असेल तो.

नियम सरळ वाटतो, पण अपग्रेडच्या वेळी तोच अंगावर येतो. नव्या विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचे साधे, सर्वांना चालतील असे ड्रायव्हर येतात. त्यांच्यावर त्या-त्या दिवसाची ताजी तारीख असती, तर प्रत्येक अपग्रेडमध्ये त्यांनी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या खास ड्रायव्हरला हटवून त्याची जागा घेतली असती. कंपनीचा ड्रायव्हर टचपॅडवरच्या तीन बोटांच्या खुणा ओळखतो. साध्याला कदाचित बाण हलवण्यापलीकडे काही येत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने आपल्या ड्रायव्हरांना मुद्दाम जुनी तारीख लावली. बरोबरी झालीच तर त्यांनी मागे राहावं आणि कंपनीच्या ड्रायव्हरला जागा द्यावी, यासाठी. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१७मध्ये हे कारण लिहून सांगितलं.

पण २००६च का? कारण त्या वर्षी विंडोज व्हिस्टा तयार होत होती. ती ८ नोव्हेंबरला पुरी झाली आणि ३० जानेवारी २००७ला दुकानांत आली. तिने ड्रायव्हरांची घडी पार बदलली. ग्राफिक्ससाठी नवी रचना आली, ६४ बिटांच्या व्हिस्टात सही नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेश बंद झाला. लोकांचे प्रिंटर, साउंड कार्डं एका रात्रीत मुकी झाली. पुढे एका अमेरिकन खटल्यात बाहेर आलेल्या कागदांनुसार, नोंदल्या गेलेल्या व्हिस्टा-क्रॅशपैकी २८.८ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे होते. त्या पडझडीनंतर जी रचना टिकली, तिच्यावरच पुढच्या विंडोज उभ्या राहिल्या. त्यामुळे आज चालेल असा कंपनीचा ड्रायव्हर व्हिस्टानंतरचाच असणार, म्हणजे २१ जून २००६पेक्षा नवा.

आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जून असतो. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी दाखल्यावर ती तारीख टाकून मोकळे व्हायचे. माझ्या आजोबांचीही तीच. त्या तारखेवरून त्यांचं खरं वय कोणी काढत नसे. ती शाळेत प्रवेश मिळावा म्हणून लावलेली होती. ड्रायव्हरवरची ही तारीखही अशीच, कामापुरती लावलेली.

तर बहिणीच्या लॅपटॉपमधले २००६चे सगळे ड्रायव्हर निर्दोष होते. दोष खाली होता, 'इतर डिव्हाइस'मध्ये. पिवळ्या त्रिकोणाशेजारी नुसतं 'पीसीआय डिव्हाइस'. डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडला, तर सुरुवातीलाच व्हीईएन ८०८६. हा इंटेलचा क्रमांक, त्यांच्या १९७८च्या ८०८६ प्रोसेसरवरून घेतलेला. पुढचे आकडे शोधल्यावर कळलं, हा सीरियल आयओचा कंट्रोलर. टचपॅड याच वाटेने बोलतो. वाटच बंद, तर टचपॅडचा स्वतःचा ड्रायव्हर कितीही नवा घातला तरी उपयोग शून्य. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर मॉडेलचं नाव टाकून तेवढा एक ड्रायव्हर उतरवला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. बाण हलला. (वायफायचा ड्रायव्हर मात्र विंडोज टाकण्याआधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. तोच गेला तर बाकीचे उतरवायला नेट कुठून आणणार?)

बहीण आता स्वतःच यादी चाळू लागली. चिपसेटच्या एका ओळीवर थांबली.

"दादा, हा बघ. १८ जुलै १९६८!"

त्या दिवशी इंटेल स्थापन झाली. ही नोंद त्या भागाला नुसतं नाव देते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरवर तिने कधी मात करू नये, यासाठी इंटेलने तिला स्वतःचा जन्मदिवस लावलाय.

"मग याचं काय करू?"

"काही नाही. राहू दे तसाच."