तळटीप : वासरू आणि पेज

१. कोवळ्या वासराला दुधाऐवजी तांदळाची पेज पाजू नये. जन्मतः त्याच्या स्वादुपिंडात पिष्ट पचवणारे अमायलेज फारच थोडे असते. ते वयाबरोबर हळूहळू वाढते. तोवर न पचलेली पेज आतड्यात आंबते नि वासराला हगवण लागते. चिकाची गोष्ट वेगळी. त्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, म्हणून प्रतिपिंडे शाबूत राहून रक्तात पोचतात. ही सोय खरोखर विलक्षण आहे. मोठ्या गाईत चौथ्या पोटातून अन्न सतत उतरते, त्यामुळे स्वादुपिंडाचा रसही अखंड स्रवतो. त्याचे नियमन व्हेगस मज्जातंतू, तसेच कोलेसिस्टोकायनिन आणि सिक्रेटिन (बेलिस व स्टार्लिंग यांचा १९०२चा शोध) ही संप्रेरके करतात. मात्र आतड्यात पिष्ट जास्त पोचले म्हणून अमायलेज त्या प्रमाणात वाढत नाही.