फोर्स्कोलिन

फोर्स्कोलिन : गरमर (कोलियस फोर्स्कोली, अलीकडील ग्रंथांत को. बार्बेटस) या तुळशीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे लॅब्डेन गटातील डायटर्पीन. रेणुभार सु. ४१०.५. स्फटिक रंगहीन.

शोध : १९७०च्या दशकात मुंबईच्या मुलुंड उपनगरातील हेक्स्ट संशोधन केंद्रात औषधी वनस्पतींचे अर्क रक्तदाबावरील परिणामासाठी तपासले जात असताना हे संयुग हाती आले. सुजाता भट, नोएल डिसूझा व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये संरचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून ‘कोलिओनॉल’ वेगळे केले होते. दोन्ही एकच असल्याचे आज बहुतेक अभ्यासक मानतात. अग्रक्रमाचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही.

निष्कर्षण : संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे काढ्यात ते फारसे उतरत नाही, आणि पारंपरिक काढ्याचे गुण सरसकट फोर्स्कोलिनच्या खात्यावर टाकता येत नाहीत. वाळलेल्या मुळांत त्याचे प्रमाण साधारणतः ०.१ ते ०.५ टक्के असते. साठा मुख्यतः मुळाच्या सालीतील बुचपेशींत असल्याने साल खरवडून स्वच्छ केलेला नमुना दिसायला चांगला, पण अर्काला हलका ठरतो. मुळे वाळवून भरड दळतात. मैद्यासारखी पूड सॉक्सलेट उपकरणाच्या नळीत गच्च बसते व विद्रावक तिच्यातून झिरपत नाही. जुन्या प्रयोगांत बेंझीन (उत्कलनबिंदू ८०° से.) सर्रास वापरले जाई. ते कर्करोगकारक असल्याने त्याची जागा टोल्यूइनने घेतली. मात्र ते १११° से.च्या आसपास उकळते, म्हणून कमी दाबाखाली उडवावे लागते. मिथेनॉल व एथेनॉल संयुग चांगले ओढतात, पण सोबत शर्करा आणि रंगद्रव्येही आणतात. काळपट, चिकट अर्क मग सक्रिय कोळशाच्या किंवा सिलिका जेलच्या स्तंभातून शुद्ध करावा लागतो. औषधात उरणाऱ्या विद्रावकाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा (दशलक्षांश भाग) : बेंझीन २, क्लोरोफॉर्म ६०, टोल्यूइन ८९०, मिथेनॉल ३,०००. प्रयोगशाळेत सोयीचे विद्रावक कारखान्यात का चालत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच आकड्यांत आहे.

क्रिया : १९८१ मध्ये सीमन, पॅजेट व डॅली यांनी ते ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवते असे दाखवले. तेव्हापासून पेशीविज्ञानात प्रायोगिक साधन म्हणून त्याचा वापर रूढ आहे. कोल्फोर्सिन डॅरोपेट हे त्याचे पाण्यात विरघळणारे साधित जपानमध्ये तीव्र हृदयविकलतेसाठी वापरात आले.

लागवड : कर्नाटक, तमिळनाडू व गुजरात. गुजरातेत मुळांचे लोणचेही घालतात.