कासवाचं कूळ

बोम्मसंद्रा म्हणजे बंगळुरूच्या पिवळ्या मेट्रो मार्गाचं टोक. होसूर रस्त्यालगतच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत संगणकाच्या आज्ञांनी चालणाऱ्या सीएनसी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रोग्राममध्ये जी९० असेल, तर टूल ठरवून दिलेल्या शून्यापासून अंतर मोजतं. जी९१ असेल, तर आत्ता जिथे आहे तिथपासून. एका आकड्याचा फरक. पण तो चुकला तर टूल थेट जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, घुसतं.

गणिताच्या वर्गात प्रोग्रामिंग कसं आलं, ती कथा याच फरकाची आहे. शाळेतला आलेखकागद पहिल्या प्रकारचा: शून्य मधोमध आणि प्रत्येक बिंदूने आपला पत्ता त्या शून्याला विचारून सांगायचा. ‘मी इथे उभा, तोंड तिकडे, आता शंभर पावलं पुढे’ ही दुसरी रीत शाळेत आली ती एका कासवामुळे.

त्या कासवाचा मूळपुरुष इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. मेंदूवर संशोधन करणाऱ्या ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दोन छोटी यंत्रं बनवली, एल्मर आणि एल्सी. चाकांवर चालणारी, पाठीवर कवच असलेली, उजेडाकडे ओढ घेणारी आणि कशाला धडकली की वाट बदलणारी. गणिताशी त्यांचा काही संबंध नव्हता. मेंदूतल्या अगदी थोड्या पेशींच्या जोडणीतूनही केवढं गुंतागुंतीचं वागणं उभं राहू शकतं, हे वॉल्टर यांना दाखवायचं होतं.

दुसरी शाखा अमेरिकेतल्या केंब्रिज गावची. एमआयटीमध्ये डग्लस रॉस यांच्या गटाने मशीन चालवण्यासाठी एपीटी नावाची भाषा तयार केली आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये ती पत्रकारांसमोर मांडताना त्या भाषेच्या मदतीने मशीनवर कोरलेले अॅल्युमिनियमचे अॅशट्रे वाटले. या भाषेत ‘डावीकडे जा’, ‘उजवीकडे जा’, ‘पुढे जा’ अशा आज्ञा होत्या, आणि डावं-उजवं ठरायचं ते टूल ज्या दिशेने येत होतं तिच्यावरून. कासवाची भाषा यातूनच निघाली असं मी म्हणणार नाही. पण कारखान्यासाठी आणि मुलांसाठी एकाच गावात, दहाएक वर्षांच्या अंतराने, दिशेचा तोच विचार झाला हे मला फार मोलाचं वाटतं.

लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा १९६७ ची, त्याच केंब्रिज गावातली. वॉली फ्युर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि सिमोर पॅपर्ट हे तिचे प्रमुख कर्ते. सुरुवातीला तिच्यात कासव नव्हतंच. मुलं शब्द आणि वाक्यं जोडत-तोडत. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे असलेले पॅपर्ट १९५८ पासून काही वर्षं जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याकडे होते. मूल शिकतं ते स्वतः काही घडवताना, हा विचार त्यांनी तिथून आणला. मग जमिनीवर फिरणारं, पोटाखाली पेन असलेलं यंत्र आलं. वॉल्टर यांच्या यंत्रांची आठवण ठेवून त्यालाही कासवच म्हटलं गेलं. पुढे ते पडद्यावरचा एक छोटा त्रिकोण झालं.

आता हे कासव शिकवतं काय ते पाहा. मुलाला समभुज त्रिकोण काढायचा आहे. पुस्तकात कोन ६० अंशांचा, म्हणून तो लिहितो: १०० पुढे, ६० उजवीकडे, असं तीनदा. पडद्यावर त्रिकोण येत नाही, अर्धा षटकोन येतो. मग शिक्षक म्हणतात, ऊठ, स्वतः चालून बघ. मूल फरशीवर चालतं आणि कोपऱ्यावर आल्यावर त्याच्या लक्षात येतं, की अंग वळतं ते आतल्या कोनाइतकं नाही, बाहेरच्या कोनाइतकं: १२० अंश. पाठ केलेला बाह्यकोन असा त्याच्या पायात उतरतो. तीन वळणं मिळून ३६०. चौरसाची चार वळणंही ३६०. मग १ पुढे, १ उजवीकडे, असं ३६० वेळा केलं की जवळजवळ वर्तुळ. कंपास लागत नाही, केंद्रबिंदू कुठे आहे हेही कासवाला माहीत नसतं.

पॅपर्ट यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८० मध्ये आलं आणि अपेक्षा फार उंचावल्या. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून पाहिलं, तर वर्षभर लोगो केलेल्या मुलांना इतर कामांचं नियोजन काही जास्त चांगलं जमत नव्हतं. अनेकांनी तिथेच हात झटकले. मला वाटतं, प्रश्नच चुकीचा विचारला गेला. डग्लस क्लेमेंट्स आणि मायकेल बॅटिस्टा यांनी नंतर भूमितीपुरतंच पाहिलं, तेव्हा लोगोवर काम केलेल्या मुलांची कोनाची समज अधिक पक्की निघाली. इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक शाळांत ‘स्क्रॅचमॅथ्स’ या प्रोग्रामिंगमधून गणित शिकवणाऱ्या उपक्रमाची चाचणी झाली. २०१८ च्या अहवालात संगणकीय विचार सुधारल्याचं दिसलं, पण गणिताच्या परीक्षेतल्या गुणांत फरक आढळला नाही.

महाराष्ट्रात २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या हाती ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. पॅपर्ट या योजनेच्या प्रवर्तकांपैकी होते, आणि त्या लॅपटॉपबरोबर कासवाला आज्ञा देऊन चित्रं काढायचं ‘टर्टल आर्ट’ही येई. म्हणजे कासव इथवर येऊन पोहोचलंच होतं.

आज ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फुकट मिळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणायचे ठरवलं आहे. पण कोडिंगचा तास संगणक-कक्षात आणि गणिताचा तास वर्गात, अशी वाटणी झाली तर बाह्यकोन पुन्हा फळ्यावरच राहील. कोडिंगचे निदान काही तास गणिताच्या शिक्षकांकडे द्यावेत, आणि फरशीवर चालायला जागा असलेल्या वर्गात घ्यावेत.