ऑनलाइन धंद्यासाठी डेव्हलपर नेमताना: नमुना, करार आणि मालकी

घरचा मसाला, मालेगावची साडी, अत्तर, नाहीतर शिकवणीचे वर्ग ऑनलाइन विकायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "अ‍ॅप बनवायला किती घेतात?" त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: पूर्ण अ‍ॅप हवे आहे की प्रोटोटाइप?

प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना. शिंपी शेरवानी पक्की शिवण्याआधी कच्चे टाके घालून अंगावर बघतो, तसेच हे. नमुने दोन तऱ्हेचे असतात. एक नुसता दिसणारा: फिग्मासारख्या साधनात पडदे काढलेले, बटण दाबले की पुढचा पडदा येतो, पण ऑर्डर कुठेच नोंदली जात नाही. दुसरा खरोखर चालणारा. पहिल्यासाठी डेव्हलपर लागतच नाही, घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगीही तो करू शकते. दोघांच्या खर्चात मोठा फरक असतो, म्हणून कोणत्या नमुन्याचे पैसे देतोय ते आधी विचारून घ्या.

१९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न यांना प्रश्न पडला, लोक बूट ऑनलाइन घेतील का? त्यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साध्या साइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून जोड विकत घ्यायचा आणि पाठवायचा. पुढे त्याचीच झॅपोस कंपनी झाली. आपल्याकडे हीच परीक्षा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय यांवर होते. तिथे कोणी काही विचारत नसेल, तर अ‍ॅप काढून गिऱ्हाईक येईल असे मला तरी वाटत नाही.

ऑर्डरी हाताबाहेर जाऊ लागल्या की डेव्हलपर शोधा. त्याला एक पानभर लिहून द्या: गिऱ्हाईक कोण, त्याला काय काय करता आले पाहिजे, आणि या वेळी काय नको. ही "नको"ची यादी सगळ्यात कामाची, कारण खर्च तिथूनच वाढत जातो. त्याचे जुने काम स्वतःच्या मोबाइलवर चालवून बघा. पैसे तारखेवर न देता कामावर द्या. थोडे आगाऊ, पुढचा हप्ता ठरलेला भाग चालताना दिसल्यावर.

आता मालकी. इथे बरीच कुटुंबे बेसावध असतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. पण बाहेरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो स्वतःच, वेगळे ठरले नसेल तर. पैसे पूर्ण चुकते केले तरी हक्क आपोआप तुमच्या नावावर होत नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण लागते आणि त्यावर डेव्हलपरची सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय एका वर्षात हक्क वापरला नाही आणि करारात तसे काही म्हटले नसेल, तर तो हस्तांतरित हक्क संपतो. म्हणून कागदावर "पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, वर्षभर वापर झाला नाही तरी" असे स्पष्ट यायला हवे. कागद एकदा वकिलाला दाखवून घ्या. भाचाच काम करतोय म्हणून कागद टाळू नका. नात्यात तर तोंडी हिशेब जास्तच कडू होतो.

कागदाइतकीच खातीही महत्त्वाची. डोमेन, होस्टिंग, गिटहबवरचा कोड, पेमेंट गेटवे, सगळे तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या बँक खात्याशी जोडलेले हवे. डेव्हलपरला फक्त कामापुरता प्रवेश द्या. तो उद्या आखातात नोकरीला गेला तरी दुकान बंद पडायला नको. प्ले स्टोअरचे खातेही स्वतःच्या नावाने काढा. त्याची फी एकदाच, २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. रमजानच्या ऑर्डरी धरायच्या असतील तर हे दिवस आधीच मोजा, आणि ती १२ माणसे खाला, मामू, शेजारी यांतूनच गोळा करा.